कढीपत्त्याची खारी बिस्किटं

माझ्या हातची दोन बिस्किटं खाऊन माझा सख्खा मोठा भाऊ घरातून उठून गेला, तो अजून आलेला नाही.

रिटायर झाल्यावर मी स्वयंपाकघरात शिरलो. जन्मभर कारकुनी केलेला माणूस. मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि थेट बायकोला शिकवायला लागलो! अंगणातला पुदिना, कोथिंबीर, कढीपत्ता तोडायचा, धुवायचा, गच्चीवर सावलीत कागदावर वाळवायचा, चुरायचा, बरणीत भरायचा आणि वर चिठ्ठी डकवायची. सुमन (आमच्या सौ.) एवढंच म्हणाली की दारात हिरवंगार झाड असताना वाळका पाला खाणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला. मी तिकडं लक्ष दिलं नाही. कलावंताला घरातून विरोध व्हायचाच.

दादा चारठाण्याला शेती करतो. सहा वर्षांपूर्वी आईच्या तेराव्याला, चारचौघांत, वहिनीच्या वरणात मीठ कमी आहे असं मी बोलून गेलो. खरंच कमी होतं! पण शब्दाला शब्द लागला आणि बोलणंच बंद झालं. मला ते लय सलायचं, पण आधी फोन कोण करणार? शेवटी त्यानंच केला. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि पत्रिका द्यायला तो स्वतः सोमवारी परभणीला येणार होता. फोन ठेवला आणि माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो.

सुमन पुरणाचं बघायला लागली. मी म्हटलं, पुरण काय कुणीही घालतं. माझ्या भावाला माझ्या हातचं मिळालं पाहिजे. कणीक, तूप, जिरे आणि बरणीतला कढीपत्ता चांगला मूठभर. कढईत मीठ तापवलं, वर ताटली, त्यावर झाकण, आणि बिस्किटं भाजून काढली. चव बघितली नाही, कारण सोमवारचा उपास. वास आला नाही, कारण सर्दी. तोंड बंद, नाक बंद, आणि अक्कल तर रिटायर होतानाच ऑफिसात जमा केलेली.

दादा आला. थकलेला दिसला, पण मला बघून हसला. मी पाया पडलो. त्यानं पिशवीतून पत्रिका काढून मांडीवर ठेवली, मी ताटली पुढं केली. आता इथं तरी गप बसावं की नाही?

"दादा, सहा वर्षं माझ्या मनात जे साठलं होतं ना, ते सगळं ह्यात उतरलंय," मी म्हणालो. "खाऊन बघ."

त्यानं एक खाल्लं. तोंड आक्रसलं, पण गिळलं. माझ्याकडं बघितलं. मी लाडानं दुसरं त्याच्या हातात दिलं. तेही त्यानं सावकाश खाल्लं, माझ्यावरची नजर न काढता. मला वाटलं, भारावलाय!

"कडुलिंबाचा पाला हाय हा," तो म्हणाला.

"कढीपत्ता हाय, दादा. घरचा."

"मला कडुलिंब शिकवायलास?" आवाज चढला नाही, तेच वाईट. "मयतीहून आल्यावर चावतेत तो पाला. मी पोरीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आलो, आन् तू मला हे खाऊ घातलंस. मी मेलो तुझ्यासाठी, असं सरळ तोंडानं म्हणायचं होतंस."

त्यानं पत्रिका परत पिशवीत घातली आणि पाण्याचा घोटही न घेता चपला चढवल्या. चहा घेऊन आलेल्या सुमननं आधी बिस्किटं हुंगली, मग बरणी हुंगली. ज्वारीत किडे होऊ नयेत म्हणून तिनं कडुलिंबाचा पाला वाळत घातला होता, गच्चीवर माझ्याच कागदाशेजारी. मी तो गोळा करून चुरला होता आणि वर माझ्या वळणदार अक्षरात 'कढीपत्ता' लिहिलं होतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला मी, मला पाला ओळखता आला नाही!

"भावजी, थांबा," म्हणत ती अनवाणी रस्त्यापर्यंत पळाली. पळायचं खरं तर मी होतं. पण मी उपास मोडून एक बिस्किट तोंडात टाकलं. जीभ मुळापासून कडू झाली. तिकडं सख्खा भाऊ कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला, आणि इकडं मी दारात उभा राहून मनाशी काय म्हणत होतो? की खुसखुशीत मात्र झकास झालंय.