पंच्यातले पेरू

साठ सालानंतरच्या त्या वर्षांत मी बंगळुरातल्या एका प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांत गांधीलमाश्या वाढवायची. मोहरीहूनही बारीक. भातावरच्या खोडकिडीच्या अंड्यांत त्या आपली अंडी घालतात आणि कीड जन्मायच्या आतच संपते. घरचे मला 'माशीवाली' म्हणून चिडवत. चिडवू देत, माझा त्या बाटल्यांवर जीव होता.

धाकटा भाऊ शहराबाहेर मारतहळ्ळीला तळ्याखालची भातशेती करायचा. माश्यांची अंडी चिकटवलेली कार्डं मी त्याच्या शेतात नेऊन बांधायची. एका रविवारी गेले, तर भातावर कीड मारायची पांढरी पावडर आणि सगळीकडे कुबट वास. माझं डोकंच फिरलं.

"अरे, किडीच्या आधी माझ्या माश्या मरतील की!"

"स्वल्पच मारली, अक्का. शेजाऱ्यांनी मारली, मग कीड सगळी आपल्याकडेच येणार ना?"

बहिणीला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज. त्यानं खांद्यावरचा पंचा काढून त्यात परसातले पेरू बांधून दिले. सोमवारी मैत्रिणींना वाटायला म्हणून गाठोडं तसंच कामावर नेलं, बाटल्यांच्या फळीवर ठेवलं आणि कामाच्या धांदलीत विसरले.

दुसऱ्या दिवशी पाहते, तर बाटल्यांच्या तळाशी काळी धूळ. धूळ कसली, माश्याच त्या. एकही हलत नव्हती. बाटल्यांच्या तोंडाला नुसतं फडकं बांधलेलं असे. लांबच्या फळीवर अजून वळवळ होती. मी पंचा नाकाशी नेला. तोच कुबट वास.

रडू यायच्या आधी आठवलं. असल्याच पंच्यानं भाऊ माझ्या तान्ह्या भाचीचं तोंड पुसायचा.

मेलेल्या माश्यांची एक बाटली पिशवीत घालून मी बस पकडली.

पोचले तेव्हा भाची त्याच्या मांडीवर खिदळत होती. माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. त्याच्या खांद्यावरच्या पंच्याचं टोक तिच्या तोंडात होतं. मी ते ओढून काढलं. ती किंचाळली.

"काय हे, अक्का! पंचाच तर आहे!"

मी बाटली त्याच्या हातात दिली आणि झालेलं सांगितलं. त्यानं ती उन्हात धरून हलवली, पुन्हा हलवली. मग पोरीला माझ्याकडे देऊन विहिरीवर जाऊन हात खसाखसा धुतले. परत आला तो माझ्याकडे न बघता.

"अक्का, हिला काही होणार नाही ना?"

मी तिला घेऊन विहिरीवर गेले आणि तिचं तोंड धुतलं.