दिव्यातलं जास्तीचं तेल

आमची ही गेली, त्याला आता सहा महिने झाले. दिवेलागणीला घर खायला उठतं. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा आठवतं तसं लिहितो.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी लागलो. नवंच लग्न. घर पनवेलच्या खाडीकडेला, दोन्हीकडची माणसं मिठागरातली. निघताना ही म्हणाली, "मी दिवा लावीन तवा तुमी बोटीवर हात जोडायचे. त्याच टायमाला. चुकलात तर बघा!"

सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ मनगटावर होतं. म्हटलं, चुकतंय कशाला?

दुसऱ्याच दिवशी सारंग, म्हणजे आमचा मुकादम, म्हणाला, आज घड्याळं अर्धा तास मागं करा. उद्या परत अर्धा तास. मी माझं हलवलं नाही. पनवेलची वेळ मोडायची नाही म्हणजे नाही. मग काय, रोज कामावर आधीच हजर. एडन बंदर जवळ आलं तेव्हा तर अडीच तास आधी डेक घासायला घेतला. बादल्यांच्या आवाजानं गोरे पाशिंदर उठून बोंबलायला लागले.

सारंग धावत आला. "काय रे, सूर्य काय पनवेलला दावणीला बांधून आलायस? काटे फिरव, नायतर एडनला उतर!"

फिरवले. त्या दिवशी सूर्य पाण्यात गेला तेव्हा हात जोडले आणि अंगावर काटा आला. हाच सूर्य आमच्या अंगणातून केव्हाच निघून आला होता. सूर्य एकच, आणि जाईल तिथं नवी सांज करत चाललाय. जग एवढं मोठं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. पण तिचा दिवा आता विझला असणार, हे काही मनातून जाईना.

एडनहून पत्र लिहिलं. 'इथं रोज अर्ध्या तासानं सांज मागं पडते. शब्द मोडला. राग धरू नको.'

सात महिन्यांनी घरी आलो. आईनं दारातच सुरुवात केली, "आलास, बरं झालं! तुजी बायको दिव्याला तेलानं न्हाऊ घालते. रोज थोडं थोडं वाढवीतच गेली."

मी हिच्याकडं बघितलं. ही हसून म्हणाली, "आपली भरती नाय येत रोज दोन घटका उशिरा? पानी तेच ना? तुमची सांज मागं पडली, तर तवर दिवा टिकवायचा. त्यात राग कसला?"

बोटीवरच्या साहेबांना ज्याला नकाशे आणि यंत्रं लागत, ते या बाईनं मिठागराच्या बांधावर बसून ओळखलं होतं. अजून ते नवल सरलं नाही.

आता दिवा मी लावतो. ती जिथं आहे तिथली सांज कधी होते, हे सांगणारा सारंग कुणी नाही. म्हणून तेल काठोकाठ घालतो.