अबोला आणि ब्रेकचा ड्रम

सबुरी मिस्त्रींना हे नाव ज्याने ठेवलं, त्याने त्यांना फक्त काम करताना पाहिलं असावं, बोलताना ऐकलं नसावं. गंजलेला नट दिसला की मिस्त्री त्याच्यापुढे उकिडवे बसत, त्याला तेल पाजत, हातोडीने चारी बाजूंनी हलकेच टकटक करत आणि मऊ आवाजात म्हणत, "सबूर, बाबा, सबूर." गिऱ्हाइकाने मात्र "गाडी कधी मिळेल?" एवढंच विचारलं की असे खेकसत, की बिचारा निमूट पायी घरी जाई. लोखंडासाठी त्यांच्याकडे सबुरीचं कोठार होतं. माणसांच्या वाट्याला त्यातला दाणाही येत नसे. पस्तीस वर्षांत एकही चाक त्यांच्याकडून न निघता राहिलं नव्हतं. हे दुसरं कोणी सांगत नसे. तेच सांगत, रोज.

त्यांच्या थोरल्या बहिणीचा ट्रक तीन वर्षं तिच्या अंगणाच्या कोपऱ्यात उभा होता. ताईने तो पंचवीस वर्षं स्वतः चालवला होता. विटा, वाळू, घर बदलणाऱ्यांचं सामान, जे मिळेल ते. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रक थांबला तो थांबलाच. आता गुडघा बरा होता, ताई जिने धडाधडा चढत होती, पण ट्रकचे मागचे ब्रेक गंजून बसले होते. तिचा मुलगा कचेरीत कारकून. रस्ता ओलांडतानासुद्धा तो दोनदा विचार करून मग घरीच राहणारा.

"आई, तुझं वय चौसष्ट," तो म्हणाला. "शुक्रवारी चार वाजता भंगारवाला येतोय. तोवर मामाने मागच्या ब्रेकवरचे ड्रम काढून दाखवले तर नवे ब्रेक बसवू आणि ट्रक ठेवू. नाहीतर देऊन टाकू."

"आणि मी काय करू?"

"आराम कर."

आराम हा शब्द ऐकून ताईचा चेहरा असा उतरला, की मिस्त्री विचार न करता बोलून गेले, "शुक्रवार कशाला? गुरुवारी दुपारीच काढून देतो."

मंगळवारी काम सुरू झालं. मिस्त्रींनी स्वतः केबिनमध्ये चढून हँडब्रेक सोडला, पुढच्या चाकांना दगड लावले आणि नटांना तेल पाजलं. भाच्याने मदत म्हणून डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला, पान्यावर पाइप चढवला आणि पाइपवर स्वतः चढला. अर्ध्या तासाने मिस्त्रींनी सांगितलं की या जुन्या ट्रकचे डावीकडचे नट उलटे फिरतात, आणि आत्तापर्यंत तो नट आवळतोय.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

बुधवारी सगळे नट निघाले, पण चाकं हबला, म्हणजे मधल्या गाभ्याला, चिकटलेलीच. मिस्त्री ट्रकखाली शिरून आतून लाकडी ओंडक्याने चाकं ठोकत होते. ताई बाजूला उभी राहून म्हणाली, "अरे, नट दोन आट्यांवर सैल ठेव आणि ट्रक चार हात मागेपुढे घे. चाकं आपणहून सुटतात. मी रस्त्यात असंच करायचे."

"ड्रायव्हरने ड्रायव्हरचं बघावं," असं म्हणून मिस्त्री जेवायला घरात गेले.

ताईने नट दोन आट्यांवर चढवले, दगड बाजूला केले आणि केबिनमध्ये बसून चावी फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं. ट्रक चार हात पुढे गेला, चार हात मागे आला. कडाड, कडाड! मिस्त्री तोंडातला घास तसाच ठेवून धावत आले. दोन्ही चाकं सुटली होती.

"माझ्या तेलाने सुटली," मिस्त्री म्हणाले. पडलो तरी नाक वर, ही त्यांची जुनी खोड.

"हो का? मग पुढचं तुझ्या तेलालाच विचार," ताई म्हणाली, खाली उतरली आणि तिने दार असं आपटलं की आरसा निखळून पडला.

झालं, अबोला सुरू! ताई माफी मागेपर्यंत त्या केबिनमध्ये पाऊल ठेवणार नाही, असं मिस्त्रींनी भाच्याला ठणकावून सांगितलं.

गुरुवारी जॅक लावला, चाकं उतरवली, आणि ड्रम हलेना. मिस्त्रींनी तेल पाजलं, गॅसने तापवलं, गार होऊ दिलं, पुन्हा तापवलं. बाहेर ढकलण्यासाठी ड्रमला आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट पिळले. ड्रम कण्हला, पण बसल्या जागचा उठला नाही. आदल्या दिवशी हाच ड्रम चाकासकट फिरला होता. एका रात्रीत तो असा कसा गंजला, हा प्रश्न मिस्त्रींना पडायला हवा होता. पण तो पडायचा म्हणजे ताईने ट्रक फिरवला हे आधी कबूल करायला हवं. त्यापेक्षा ड्रम तापवणं सोपं होतं.

शुक्रवारी दुपारी मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा लोखंडाला शिव्या दिल्या. बोल्ट आणखी अर्धा आटा पिळला. चार वाजले, फाटक वाजलं आणि भंगारवाला आला. घरात ताई एकच भांडं सारखं घासत होती. मिस्त्रींनी पाना पुन्हा बोल्टला लावला. ट्रक गेला तर ताई खिडकीत बसून राहील, आणि ती आपल्यामुळे बसेल, एवढंच त्यांना दिसत होतं.

भंगारवाल्याने ट्रकला एक चक्कर मारली आणि आत काय काय धड आहे ते बघायला तो केबिनमध्ये चढला. त्याने स्टिअरिंग हलवलं, गिअर हलवला, आणि सवयीने हँडब्रेकचा दांडा खाली पाडला.

तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. ताई हातातलं भांडं घेऊन धावत बाहेर आली. पाहते तो मिस्त्री ड्रमला मिठी मारून तेलाच्या थारोळ्यात उताणे.

"निघाला!" ते ओरडत होते. "सबुरीचं फळ! पस्तीस वर्षांत..."

भंगारवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हँडब्रेक घट्ट ओढलेला होता हो, ड्रम आतून धरून बसला होता. झकास आहे अजून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! भाचा आधी खो खो हसला आणि मग गंभीर झाला. "दीड दिवस हँडब्रेक ओढून ड्रम काढत होतास तू, मामा? आई, तूच ओढलास ना बुधवारी? आणि तुझ्या ध्यानातही नाही! तुला रस्त्यावर ट्रक चालवू देऊ मी?"

ताईने मान खाली घातली. "चुकलंच माझं," ती म्हणाली.

पस्तीस वर्षं कोणाचं म्हणून ऐकून न घेतलेल्या मिस्त्रींना तिचं हे हळू बोलणं मात्र ऐकवेना. तळपायाची आग मस्तकात गेली.

"काही चुकलं नाही तिचं!" ते पडल्या पडल्याच गरजले. "चाकं तिनेच सोडवली, माझ्या तेलाने काही झालं नव्हतं. हँडब्रेक न बघता ड्रम ठोकत बसलो तो गाढव मी. आणि तू रे शहाण्या! तीन वर्षांनी ती त्या सीटवर बसली. माझ्यावर संतापून उतरली. आरसा पाडला तिने, पण हँडब्रेक ओढायचा राहिला नाही. हाताने आपणहून ओढला, तिला विचारलंसुद्धा नाही. अशी ड्रायव्हर तू भंगारात काढणार?"

भाच्याने आईच्या हाताकडे पाहिलं. मग भंगारवाल्याला म्हणाला, "काका, ट्रक द्यायचा नाही," आणि त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला.

ताई केबिनमध्ये चढून बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. मिस्त्री खाली ड्रम पोटावर घेऊन तसेच पडून राहिले, कारण एकट्याने तो उचलवत नव्हता आणि हाक मारायची ही वेळ नव्हती.