न पिता सोडलेली दारू

हातातला चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण माझ्या सरळमार्गी नवऱ्याला मी दारुडा कसा केला, ते सांगणार आहे. तेसुद्धा त्यांनी एक थेंब तोंडाला न लावता!

झालं असं, साखळी गावात तीन दिवसांचं शिबिर होतं. ज्या घरात कोणी पितं, त्या घरच्या माणसांना धीर कसा द्यावा, हे गावच्या बायकांना शिकवायचं. सातवी पास चालेल म्हणाले, मग मी कशाला सोडते? मंजू तेव्हा अकरा महिन्यांची. तिला सासूबाईंकडे ठेवून गेले, पण जीव सगळा घरी. पोरीला खोकला होता ना.

पणजीहून आलेल्या बाईंनी शिकवलं छान. सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं. पिणारा आधी 'मी पीतच नाही' म्हणतो, घरचेही झाकतात. वाद घालू नका, मान हलवा, पुन्हा जा. मी सगळं वहीत उतरवलं. ही वही माझ्यावरच उलटणार, हे मला काय ठाऊक?

तिसऱ्या दिवशी नाटक करायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, मला आली दारुड्याची बायको. आता रडू कुठून आणू? डोळे मिटले, मंजूचा खोकला आठवला. मग खाणीवर टिपर चालवणारे आमचे हे आठवले. ती लाल धूळ, तो उतार, समोरून सुसाट येणाऱ्या गाड्या. म्हटलं, "बाई, ते घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही हो." पुढे नुसते हुंदके. बाईंनी डोळे पुसले. मला वाटलं, वा, बक्षीस माझंच!

रविवारी शिबिरातली यशोदा दारात हजर. हे पेज जेवत बसलेले. तिने मायेने विचारलं, "भावजी, पिणं कधीपासून?"

हे म्हणाले, मी पीत नाही. तिने मान हलवली. हे चिडले. तिने आणखी मायेने मान हलवली. मी म्हटलं, अगं, ते नाटक होतं. तर माझा हात हातात घेऊन माझ्याकडे बघूनही मान हलवली! तेवढ्यात तिची नजर फळीवर गेली. अर्धी बाटली फेणी. अहो, मंजूच्या छातीला चोळायला आणलेली. खोकल्यावर आमच्याकडे सगळेच चोळतात, यशोदासुद्धा चोळते. पण त्या दिवशी तिला त्याचा साफ विसर पडला.

ती गेल्यावर हे हळूच म्हणाले, "मालकाच्या कानार गेला तर टिपर जायत गो माझ्या हातातलो."

ठरवलं, घरोघर जाऊन खरं सांगायचं. पायात चपला घालते तोच मागच्या दारी सुमित्रा उभी. चार वर्षांपासूनची शेजारीण, पण उंबरठ्याच्या आत कधी आली नव्हती. त्या दिवशी आली, खाली बसली.

"मंजूच्या आये, मला वाटायचं गावात हे माझ्याच घरात चाललंय," म्हणाली. "आत्ता वाटेत यशोदेकडून तुमचं ऐकलं आणि पाय इकडे वळले."

मग तिने सगळं सांगितलं. शनिवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक असते, नवरा जायला तयार होता, पण एकट्याने जायची लाज. खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. आता म्हणणार, मी पीत नाही.

हे पेजेच्या वाडग्यात बघत म्हणाले, "वयनी, तेका सांगा, शनिवारी मी पण येतंय. दोघां मिळान जावया."

गेले की! मालकाच्या कानावरही गेलं. त्याने आठवडाभर रोज सकाळी ह्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि मग पाठ थोपटली, सोडलीस ते बरं केलंस. सुमित्राचा नवरा अजून अधूनमधून घसरतो, पण बैठक चुकवत नाही. आणि आमचे हे? न पिता सोडलेली दारू, ती परत लागणार कशी? बैठकीत सगळे ह्यांचाच दाखला देतात.

परवा मंजूला पुन्हा खोकला झाला. मी रिकामी बाटली घेऊन फेणीच्या दुकानात गेले. म्हटलं, पोरीच्या छातीला चोळायला हवीय. दुकानदाराने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काय मायेने मान हलवली म्हणून सांगू! बाटली तशीच माझ्या हातात दिली, बाक पुढे ओढला.

"बाये, झाकू नको. बस. मी ऐकतंय."

बसले. काय करणार? गावातल्या दुकानदारांना हे शिकवायला गेल्या महिन्यात मीच गेले होते.