कोर्टाची म्हैस आणि आक्का

कोर्टात पुढची तारीख पडली की पक्षकारांची तोंडं उतरतात. आक्काचं तेवढं खुलायचं. "वकीलसाहेब, औंदाची दिवाळी जाऊ दे की, मग लागू दे निकाल," असं मला बजावून ती तुरुतुरु घरी जायची. मी तेव्हा कोल्हापुरात नुकतीच वकिली सुरू केली होती.

आक्का ना वादी, ना प्रतिवादी. वडील वारल्यावर दोन भावांत वाटणीचा दावा लागला आणि दोघांचाही जीव एका म्हशीत अडकला. मी थोरल्याचा वकील. धाकटा म्हैस परस्पर विकील या भीतीनं मीच मनाई हुकूम आणला : निकाल लागेपर्यंत ती कुणी विकू नये, नेऊ नये, सगळं 'जैसे थे' ठेवावं. मग सांभाळायची कुणी? शेजारच्या आक्काच्या नावाला दोघेही कबूल झाले, कारण तिचं दोघांशी सारखंच भांडण होतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गोठा रिकामा. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा.

त्या दिवसापासून ती 'कोर्टाची म्हस' झाली. पंचगंगेवर धुवायला नेताना आक्का ओरडायची, "सरका पावणं, कोर्टाची म्हस हाय! धक्का लागला तर आत जाशीला!" भाऊ बघायला आले की त्यांना दारातच उभं करायची. "लांबनं बघा. हात लावायचा हुकूम न्हाय." मी एकदा कौतुकानं म्हशीची पाठ थोपटायला गेलो, तर माझाही हात झटकला. स्वतः मात्र दिवसभर तिच्याशी गप्पा मारायची आणि भाकरीचा पहिला तुकडा तिला भरवायची.

एके दिवशी आक्का भर कोर्टात हात जोडून उभी राहिली. घामाघूम. "साहेब, जोतिबाची आण, म्या काय केलं न्हाय. जैसे थेच ठिवलीती, पर ती व्याली. हुकुमाच्या आदीच गाभण हुती!" मी अर्जात हे लिहायचंच विसरलो होतो. जज्जसाहेबांनी हसू लपवायला कागद तोंडापुढं धरला. रेडीही तूच सांभाळ, असं त्यांनी सांगितल्यावर बाईच्या जिवात जीव आला.

आता खरवस कुणाचा? हुकुमात अक्षर नव्हतं, म्हणून आक्कानं स्वतःच न्याय केला. भावांना निरोप धाडला, "दोघं मिळून येत असशीला तर या. एकट्याला घासबी मिळणार न्हाय." दोघे आले. तिनं एकाच ताटावर बसवलं. आधी कुणी घ्यायचं यावर दोघेही अडून राहिले. शेवटी थोरल्यानं ताट धाकट्याकडं सरकवलं आणि धाकट्याला रडूच फुटलं. वडील गेल्यापासून भावांच्या घरात खरवस झाला नव्हता.

तडजोडीचा अर्ज मीच लिहिला. हुकूम उठला. म्हैस आणि रेडी भावांच्या गोठ्यात गेल्या. निघताना आक्कानं म्हशीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि दार लावून घेतलं.

काही दिवसांनी मी पेढे घेऊन तिच्याकडं गेलो. गोठा झाडून सारवलेला होता आणि दावणीत ताजी वैरण टाकलेली होती. आक्कानं मला बसायला पाट दिला, पदरानं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "वकीलसाहेब, आनि कुटल्या भावाभावांचं जुंपलंय का हो?"