शमीच्या पत्रीपायी उघडं राहिलेलं फाटक

वडील गावाची गुरं राखायचे. मोबदला म्हणजे घरटी रोज एक भाकरी आणि सुगीला सूपभर ज्वारी. आमच्या टोपलीत दहा घरच्या भाकऱ्या असायच्या. एखादी करपलेली, एखादी कच्ची, एखादी कालची. कुठली कुणाच्या घरची, हे मी नुसत्या चवीवरून ओळखायचो. एकदा अंगात ताप असताना वडिलांचा बांधावर डोळा लागला आणि गुरं एका माणसाच्या हरभऱ्यात शिरली. त्या माणसाला कुणी सांगायच्या आत वडील स्वतः त्याच्या दारात गेले. काठी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या हरभऱ्यात गुरं गेली. चूक माझी." शिव्या खाल्ल्या. गुरं कोंडवाड्यात गेली, ज्याची त्याला दंड भरून सोडवावी लागली. पुढे महिनाभर अर्ध्या गावानं आमची भाकरी बंद केली आणि आई गवताचे भारे विकून आम्हाला जगवत राहिली. मी तेव्हा सहावीत होतो. उघडं फाटक दिसलं की मी आधी ते लावतो, ही सवय तेव्हापासूनची.

त्याच घरातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी. ॲग्री. लोक कंटाळले तरी मी हे सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी अमिरातीत, रास अल खैमाच्या आतल्या बाजूला एका म्हाताऱ्या अरबाबाच्या गोठ्यावर लागलो. अरबाब म्हणजे मालक. गाई साठेक. त्यांच्यासाठी विहिरीच्या पाण्यावर चारा पिकवायचा आणि विहिरीचं पाणी दर वर्षी जास्त खारट व्हायचं. गोठ्यामागे वाळूचं मोठं माळरान होतं. त्यावर घाफची जुनी झाडं आणि कुरतडून बोडकी झालेली गवताची ठोंबं. मी ठोंबं उकरून पाहिली. मुळं जिवंत होती. अरबाबाला म्हटलं, "हे कुंपण घालून हिवाळाभर बंद ठेवू. गाय नाही, उंट नाही. पाऊस पडला की गवत येईल, बी धरेल, मग दर वर्षी आपोआप येईल."

अरबाब जुन्या माणसांसारखं हिंदी बोलायचे. "किसने बोला?"

"मेरी डिग्री ने," मी म्हणालो. तरुण होतो.

ते हसले नाहीत. "ठीक है. अप्रैल तक बीज नहीं आया तो मैं गेट खोलेगा, ट्रॅक्टर लाएगा, दूसरा कुआं खोदेगा. तुम एअरपोर्ट जाएगा. खलास."

गाई सांभाळणारे चाचा बलुचिस्तानचे होते, साठी ओलांडलेले. ते म्हणाले, "बाबू, यह घास नहीं है, तेरा व्हिसा है. संभाल के."

डिसेंबरात दोनदा पाऊस झाला. जानेवारीत ठोंबांना हिरवी पाती फुटली आणि मधल्या वाळूत नवी रोपं आली, जिऱ्याएवढी. मी रोज सकाळी कुंपणाला फेरी घालायचो. तार सैल झाली असेल, उंट शिरला असेल, या भीतीनं चहासुद्धा उभ्यानं प्यायचो. फाटकाला साखळी होती, साखळीला कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला.

शारजात एका काकूंकडे मी महिन्यातून एकदा जेवायला जायचो. त्यांच्याकडे माघी गणपती असे. बोलता बोलता मी सांगून बसलो, "काकू, इथलं घाफ म्हणजे आपली शमीच."

काकूंनी वाढता वाढता पळी खाली ठेवली. "खरी शमी? मी इथे बारा वर्षं गणपतीला कोथिंबीर वाहतेय रे!"

गणेश जयंतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, काका, काकू आणि त्यांची मुलगी गाडी घेऊन हजर. मी फाटक उघडलं. पत्री तर कुंपणाबाहेरच्या झाडाचीही मिळाली असती. पण मला माझं गवत दाखवायचं होतं ना. काकूंनी झाडाला हात जोडले, कुंकू लावलं, मग एकेक डहाळी खुडली. मुलगी गाडीला टेकून म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ ट्री."

"जस्ट अ ट्री म्हणे! तुझ्या आजीला कळलं तर इथे येऊन कानफटात मारेल," काकू म्हणाल्या.

काकांनी गवताकडे पाहून विचारलं, "एवढंसंच?"

मला ते लागलं. फाटकाबाहेर येईपर्यंत मी त्यांना मुळं, बी, विहिरीचा खारेपणा असं सगळं समजावत होतो. एका हातात काकूंची परडी होती, दुसऱ्या हातात कुलूप. साखळी कड्यात नुसती गुंडाळली, गावाकडे फाटकाला दोरीचा वेढा देतात तशी. परडी गाडीत ठेवली. काकूंनी डबा उघडला, माझ्या खोलीत बसून जेवलो. ते गेले. कुलूप माझ्या टेबलावर होतं आणि मला ते दिसतही होतं. आपण फाटक लावलंय, एवढंच डोक्यात होतं.

शुक्रवारी चाचा नमाजाला जात आणि गाई गोठ्यामागच्या आवारात मोकळ्या असत. फाटक त्याच आवारात. दुपारी चाचांची हाक आली. माझं नाव नाही, शिवी नाही, नुसतं "ओ! ओ! ओ!"

मी धावलो. एका तुटक्या शिंगाच्या गाईनं साखळी उचकटली होती. वीसेक गाई आत होत्या. त्या शांतपणे खात होत्या. चाचांनी आणि मी मिळून त्या बाहेर काढल्या तेव्हा निम्म्या माळावर ठोंबं बुंध्यापर्यंत खुडली होती. नवी रोपं तर वाळूतून उपटूनच गेली होती, मुळांसकट.

अरबाब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

चाचा म्हणाले, "चुप रह. हवा चलेगी, खुर के निशान मिट जाएंगे. बोलेंगे, हिरन आया था."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच पटलं. मी खोलीत जाऊन काय काय सांगायचं ते मनात जुळवत बसलो. पासपोर्ट अरबाबाकडे. गावात वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगा परदेशात गवताचा साहेब झालाय. मी परत गेलो तर ते पुन्हा गुरांमागे काठी घेऊन जातील, हे मला लख्ख दिसत होतं. पण हरणाची गोष्ट जुळवताना दर वेळी तो हरभऱ्याच्या मालकाचा उंबरा मध्ये यायचा. शेवटी मी टेबलावरचं कुलूप खिशात टाकलं, पिकअप काढली आणि दिवस मावळायच्या आत अरबाबाच्या घरी गेलो. चप्पल दारात काढली.

"गाय अंदर गया. आधा खाया. गेट मैंने खुला छोड़ा."

"क्यों?"

"मेहमान आया था. पूजा के लिए पत्ता लेने. मैं घास दिखा रहा था."

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताला किधर है?"

ते माझ्या खिशातच होतं. मी काढून दाखवलं.

"मेरे को क्या दिखाता है? जाओ, लगाओ." मी वळलो तसे मागून म्हणाले, "अप्रैल में आएगा मैं. बीज देखेगा. बात वही है."

म्हणजे माफी नव्हती. फक्त मुदत तीच राहिली होती.

वडील म्हणायचे, खाल्लेलं गवत फुटतं, उपटलेलं फुटत नाही. उपटलेल्या रोपांचं काही करता येणार नव्हतं. खाल्लेल्या ठोंबांसाठी चाचांनी आणि मी घाफखाली पडलेल्या वाळक्या काटेरी फांद्या गोळा केल्या आणि एकेका ठोंबावर एकेक उपडी घातली, म्हणजे ससा तोंड घालणार नाही आणि वाऱ्यानं वाळू चढणार नाही. तीन आठवडे आम्ही हेच केलं. चाचा म्हणायचे, "बाबू, तेरी पूजा बहुत महंगी पड़ी." हात रक्ताळले, पण त्यापेक्षा भीती जास्त होती. रोज सकाळी पहिली फांदी उचलताना मी आधी डोळे मिटून घ्यायचो.

मार्चच्या सुरुवातीला काट्यांमधून हिरवं वर आलं. उशिरानं, खुजं, पण आलं. एप्रिलमध्ये ऊन तापलं तेव्हा त्याला तुरे आले. अरबाब आले, एक तुरा तोडला, तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हतो, हाताकडे बघत होतो. हातावर चार-पाच दाणे राहिले.

त्यांनी ते मुठीत धरले, दोन पावलं चालले आणि मोकळ्या वाळूत टाकून चपलेनं दाबले. "अगला साल भी बंद," म्हणाले आणि गाडीत बसले.

तो माळ आम्ही दर हिवाळ्यात बंद ठेवला. चौथ्या वर्षापासून उन्हाळ्याच्या तोंडी गाई तिथे दोन महिने चरू लागल्या. दुसरी विहीर खोदली नाही. मी तिथे नऊ वर्षं नोकरी केली आणि माझ्या वडिलांनी पुन्हा दुसऱ्याची गुरं राखली नाहीत.