पायावरचे ठिपके आणि माझी जबानी

केजच्या कोर्टात माझी सगळी नोकरी कारकुनीत गेली. वकील साक्षीदाराला जो कानमंत्र देतात, तो ऐकून ऐकून माझ्याच अंगात मुरला: विचारलं तेवढंच सांगायचं.

मागच्या वर्षी दोन्ही पायांवर, गुडघ्याखाली, लालभडक ठिपके उठले. शेजारी म्हणाले, पित्त आहे, आमसुलाचं पाणी चोळा. चोळलं. पायांना आमटीचा वास यायला लागला, ठिपके जागचे हलले नाहीत. मग मी बायकोला घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. खरं तर तीच मला घेऊन गेली.

डॉक्टरांनी काचेचा ग्लास ठिपक्यांवर दाबून पाहिला. लाली जाईना. "खाज येते?" नाही. "दुखतं?" थोडं. "कधीपासून?" आठवडा झाला. जबानी एकदम चोख! "बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलीय," म्हणत ते सूज उतरवायच्या जोरदार गोळ्या लिहायला लागले.

तेवढ्यात बायको म्हणाली, "डाक्टर, दाढ काढल्यापासून ह्यांला रोज संध्याकाळी ताप येतोय. लई दिवस झाले. अवो, सांगत कावून न्हाई तुमी?"

"तापाचं त्यांनी कुठं विचारलं?" मी म्हणालो. तापाचे डॉक्टर वेगळे होते, दाढेचे आणखी वेगळे. ज्याचं त्याला सांगून मी मोकळा झालो होतो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. ठोक्यांत फुसफुस होती. बीडला रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी झाली. दाढेतले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते, आणि त्यांच्याशी लढता लढता शरीरानं स्वतःच्याच रक्तवाहिन्या सुजवून घेतल्या होत्या. नुसत्या त्या गोळ्या घेतल्या असत्या, तर ठिपके गेले असते आणि जंतूंना रान मोकळं मिळालं असतं. झडप टिकली नाही तर ऑपरेशन करावं लागेल, हे ऐकल्यावर तर माझी पाचावर धारण बसली.

मग बीडच्याच दवाखान्यात कित्येक आठवडे शिरेतून इंजेक्शनं. ठिपके लवकर मावळले, झडपेचं मात्र काही सांगता येत नव्हतं. बायकोनं वॉर्डात दरबारच भरवला. माझं घोरणं, माझा हट्टीपणा, चोरून खाल्लेली भजी, सगळं नर्सबाईंना सांगून झालं. मी चिडायचो. तिथले डॉक्टर तर माझ्याआधी तिलाच विचारायचे.

शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टर हसत आले. "झडप टिकली. ऑपरेशन नको. घरी जा."

मी बायकोकडे पाहिलं. ती पलंगाच्या कडेला बसून पदरानं डोळे पुसत होती. इतके आठवडे ती माझ्या उशाशी बसून होती, आणि तिला काय वाटतंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

एसटीत तिला खिडकीशी बसवलं आणि विचारलं, "लई भ्याली हुतीस का गं?"

केज आलं, तरी तिचं सांगून संपलं नव्हतं.